डावीकडचा उतार

विंटरलॉचं मैदान डावीकडे कललेलं होतं.
पाहुणे संघ बघून हसायचे.
दुसऱ्या हाफपर्यंत त्यांचं हसू
चेंडूमागोमाग घरंगळत
कॉर्नरच्या झेंड्यापाशी गोळा व्हायचं.

हा उतार काही देवानं दिला नव्हता.
ऐंशी वाव खाली पाच फुटी थर होता,
तो याच पोरांनी खणून काढला.
आठवडाभर स्वतःच्या पायाखालची जमीन काढायची,
शनिवारी तिच्यावर धावायचं.
बाबा, म्हणजे सेप्टिमस रेन, लेफ्ट विंग, सांगायचे:
"पेनल्टीच्या ठिपक्याच्या बरोब्बर खाली
मी डबा उघडायचो.
वर कुणी पेनल्टी हुकवली
की पावावर धूळ पडायची."

क्लबच्या वह्या माझ्याकडे आहेत.
पहिलीत, १९११ साली,
दर माणशी आठवड्याला एक पेनी, पगारातून परस्पर;
चेंडू एक, जुना, ठिगळं दोन;
पहिला सामना नऊ-शून्य, हरलो.
शेरा एवढाच: "वारा होता."

शर्ट पांढरे. कोळशाच्या गावात पांढरे!
कमिटीतल्या कुणाचा तरी हट्ट, नाव खोडलंय.
आई ते सोमवारी धुवायची,
दोरीवर चौदा शर्ट,
आणि वारा खाणीकडून फिरला
की उतरवून पुन्हा पाण्यात.
"ज्याला हा रंग सुचला," ती म्हणायची,
"तो बिनलग्नाचाच मेला असणार."

तिसऱ्या वहीतलं एक पान.
मार्च १९३४. अक्षर नेहमीचं, वळणदार. शाई नेहमीची.
"शनिवारचा सामना रद्द.
सात खेळाडू उपलब्ध नाहीत."
पुढच्या पानावर सात नवी नावं,
समोर वयं. सोळा. सतरा. सोळा.
दोन आडनावं तीच.

संपाच्या अकराव्या महिन्यात
आमचा गोलकीपर, राल्फ टुलिप,
जाळीच्या खिडक्यांच्या बसमध्ये चढला.
त्याचं बाळ नुकतंच जन्मलं होतं, घरात गॅस नव्हता,
हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांच्याच घरात गॅस नव्हता.
शनिवारी तो आला, गोलमध्ये उभा राहिला.
कुणी हाकललं नाही.
कुणी बोललंही नाही.
त्याच्याकडे मागे पास द्यावा लागू नये
म्हणून सगळे नव्वद मिनिटं पुढेच खेळत राहिले,
आणि त्या मोसमातला तो एकच सामना आम्ही जिंकलो.

रात्री आमच्या उंबऱ्यावर त्याचे हातमोजे होते, घडी घालून.
आईनं ते धुतले.
शर्टांबरोबर नाही, वेगळ्या बादलीत.
पण धुतले.
न्यायला कुणी आलं नाही.

मग खाण गेली. खड्ड्यात काँक्रीट ओतलं,
त्या दिवशी बँड होता, भाषण होतं, पाऊस नव्हता.
क्लब आणखी आठ वर्षं चालला, कसा ते विचारू नका.
शेवटच्या सामन्याला नऊ जण जमले,
दोन समोरच्या संघानं उसने दिले.
त्यातल्या एकानं आमच्याकडून गोल केला
आणि सवयीनं आपल्याच माणसांकडे धावत गेला.

सेक्रेटरी तेव्हा मी. चोवीस वर्षांची,
दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून.
शेवटच्या वहीत माझ्या अक्षरात:
"ठराव: क्लब बंद करावा. सूचक: एनिड रेन.
अनुमोदक:"
हॉलमध्ये पाच माणसं होती.
पाचही जण आपापल्या बुटांकडे बघत बसले.
ती जागा अजून कोरी आहे.

आता तिथे चौतीस घरं आहेत.
बिल्डरनं बुलडोझर फिरवून सगळं सपाट केलं, तशी पाटीही लावली होती.
गेल्या आठवड्यात सहा नंबरची पोरगी आली,
नवी आहे, दार वाजवायलाही लाजत होती,
म्हणाली, फ्रिजचं दार आपोआप उघडतं,
डाव्या बाजूला पुठ्ठा घातला तरी.
तिचा कारागीर म्हणतो, फ्रिजमध्ये दोष नाही.

मी विचारलं, स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला की मागे?
मागे, म्हणाली.
मी मनात मैदान आखलं, पावलं मोजली.
"बाबांची जागा," मी म्हटलं.
आणि तिला आत बोलावून
जरा जाड पुठ्ठा शोधायला लागले.